वाटा सुकू लागल्या की

शरद ऋतू म्हटला की अलीकडे मुलांच्या डोळ्यांपुढे तांबड्या-पिवळ्या पानांचे रान उभे राहते. दिनदर्शिकेवर, मोबाइलच्या पडद्यावर, इंग्रजी शाळेच्या पुस्तकात तेच चित्र असते. ते चित्र खोटे नाही, पण ते आपल्या मुलखाचे नाही. कोल्हापूर-सांगलीकडे भाद्रपद सरून आश्विन लागतो तेव्हा झाडे पानापानांनी भरलेली असतात, ऊस माणसाच्या डोक्यावर गेलेला असतो आणि बांधावरचे गवत कमरेला लागते. आपल्याकडचा शरद झाडाकडे पाहून कळत नाही. तो आधी पायांना कळतो. काळ्या रानात पाऊल टाकावे आणि चप्पल चिखलात न राहता पायाबरोबर परत यावी, म्हणजे शरद आला असे समजावे.

शेतकऱ्यांच्या बोलीत यासाठी ‘वाफसा’ असा एक सुंदर शब्द आहे. जमीन फार ओली नाही, फार कोरडीही नाही. मूठभर माती हातात घेऊन दाबली तर तिचा गोळा होतो आणि बोटाने टोचला तर तो भुसभुशीत होऊन सुटतो, ही ती अवस्था. वाफसा आला की कुळव चालतो, भुईमूग उपटता येतो, रब्बीच्या शाळूची तयारी सुरू होते. चार महिने पावसाच्या मर्जीवर चाललेले घर पुन्हा माणसांच्या हाती येते. आमच्या भागातल्या माणसाला शरदाचा आनंद कशात, असे विचारले तर तो चांदण्याचे नाव काढण्याआधी वाफशाचे नाव काढील.

हा ऋतू पाहायला लांब जावे लागत नाही. मिरज-कोल्हापूर गाडीने हातकणंगल्याला उतरावे आणि कुंभोजच्या रस्त्याला लागावे. दशलक्षण पर्व संपून क्षमावणी झालेली असते, मंदिरांतली गर्दी ओसरलेली असते, आणि दिवाळीच्या यात्रेकरूंना अजून अवकाश असतो. या मधल्या तीन-चार आठवड्यांत बाहुबलीचा डोंगर जसा दिसतो तसा तो वर्षात पुन्हा दिसत नाही.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिके उभी असतात. मघाशी पाने गळत नाहीत असे लिहिले, त्याला एक अपवाद सांगितला पाहिजे. सोयाबीनचे पान गळते. शेंग पक्व होऊ लागली की सगळे रान हळदीसारखे पिवळे होते, मग आठ-दहा दिवसांत पाने झडून नुसत्या शेंगांनी लगडलेल्या तपकिरी काड्या उभ्या राहतात. परदेशातल्या रंगीत झाडांचे कौतुक करणाऱ्यांनी ते पिवळे रान एकदा सकाळी सातच्या उन्हात पाहावे. मात्र त्याच्याकडे पाहणाऱ्या मालकाच्या डोळ्यांत कौतुकाबरोबर धास्तीही असते. परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. कापून टाकलेल्या ढिगावर दोन दिवस पाऊस बसला तर शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात आणि चार महिन्यांचे कष्ट मातीमोल होतात. म्हणून कापणीच्या दिवसांत प्रत्येक बांधावर ताडपत्री घडी करून ठेवलेली दिसते. एका शेतकरीदादांना मी विचारले, “यंदा पीक बरे दिसते ना?” ते म्हणाले, “दिसतंय बरं ताई. पण हत्ती अजून वळायचा हाय.” हत्ती म्हणजे हस्त नक्षत्राचा पाऊस. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्तात जातो आणि त्या पावसाला आपल्याकडे हत्तीच्या सोंडेची उपमा आहे. त्याच दिवसांत मुली पाटावर हत्तीचे चित्र काढून त्याच्याभोवती फेर धरतात. पुण्याकडे त्याला भोंडला म्हणतात, आमच्याकडे हादगा. झाकलेली खिरापत ओळखण्याचा तो खेळ आमच्या गल्लीत सगळ्या जातिधर्मांच्या मुली मिळून खेळत. आमच्या घरची खिरापत तेवढी दिवस मावळण्याआधी वाटावी लागे, म्हणून आमचा हादगा गल्लीत नेहमी पहिला.

कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा. दिवस आणि रात्र समान होण्याचा शरद संपात २२ किंवा २३ सप्टेंबरलाच येतो. हा निव्वळ योगायोग, त्यातून काही अर्थ काढण्याचे कारण नाही. पण गोरगरिबांच्या लेकरांना शिक्षणाच्या पंगतीत समान पान वाढणारा माणूस समान दिवस-रात्रीच्या तिथीला जन्मला, हे मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत शिकलेले अनेक जण हे वाचणाऱ्यांत असतील.

डोंगराच्या पायथ्याशी आचार्य समंतभद्र महाराजांनी उभारलेला बाहुबली ब्रह्मचर्याश्रम आहे. १९६३ साली प्रतिष्ठित झालेली २८ फुटी संगमरवरी बाहुबलींची मूर्ती दुरूनच दिसते. पावसाळ्यात भिजून तिच्यावर एक करडी छटा येते. आश्विनात ऊन लागले की तीच मूर्ती सकाळी दुधासारखी आणि संध्याकाळी मधाच्या रंगाची दिसते. बाहुबलींच्या अंगावर वेली चढल्या, पायाशी वारुळे झाली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. ती नीट कळायची असेल तर पावसाळा संपताना यावे. त्या दिवसांत डोंगरावर प्रत्येक स्थिर वस्तूवर काही ना काही चढलेले असते. दगडावर शेवाळ, कुंपणाच्या तारेवर रानवेल, दोन खांबांमध्ये कोळ्याचे जाळे. एक वर्ष निश्चल उभे राहणाऱ्याच्या अंगावर वेल चढणे ही या प्रदेशात कविकल्पना वाटत नाही, साधे निरीक्षण वाटते.

पायऱ्या चढताना माणसाने खाली पाहावे. वर दिगंबर आणि श्वेतांबर अशी दोन्ही मंदिरे आहेत, त्यामुळे चढणारे सगळ्या पद्धतींचे असतात, पण आश्विनात सर्वांची मान खालीच असते. पायरीवर गोगलगाय असते, काळ्या पैशा किड्यांची रांग असते, मुंग्यांनी पंख टाकलेले असतात. कडेच्या गवतात पाऊल ठेवले तर दहा-बारा बारीक टोळ उडतात. मुनिवर्य चार महिने एका ठिकाणी का राहतात, याचे उत्तर पाठशाळेत आपण पाठ केले होते; येथे ते डोळ्यांना दिसते. वाट जिवांनी भरलेली असते. पाऊल टाकायला निर्जीव जागाच उरलेली नसते. आणि मग आश्विन जसजसा पुढे सरकतो तसतशी ती वाट सुकत जाते. गवताला बी धरते, पाते वाळते, शेवाळाची पापुद्र्यासारखी खपली निघते, किडे आपापल्या बिळांत जातात. दिगंबर परंपरेत महावीर निर्वाणाच्या पहाटे वर्षायोगाची सांगता होते, श्वेतांबर परंपरेत कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि त्याच दिवशी शत्रुंजयाचा बंद असलेला डोंगर यात्रेकरूंना पुन्हा खुला होतो. या तिथी ज्यांनी ठरवल्या त्यांनी आधी पायाखालचे गवत पाहिले असावे, असे मला प्रत्येक वेळी वाटते.

वरून दिसणारे दृश्य थोडक्यात सांगते. उत्तरेला वारणेचे खोरे, दक्षिणेला पंचगंगेचे, मध्ये उसाची हिरवी सतरंजी. पश्चिमेला जोतिबा-पन्हाळ्याकडच्या डोंगरांची निळी रेघ; जुलै-ऑगस्टमध्ये ती धुक्यात पुसलेली असते. चतुर नावाचे कीटक उन्हात थव्यांनी तरंगतात. धोबी पक्षी नुकताच थंड मुलखातून आलेला असतो आणि शेपटी खालीवर करीत मंदिराच्या अंगणातून असा फिरतो, जणू दर वर्षी हे अंगण त्याच्याच नावावर असते.

शरद हा सगळ्यांना सुखाचाच असतो असे मात्र नाही. ढग निघून जातात आणि ओल्या जमिनीवर सरळ ऊन पडते. त्या दमट उकाड्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. आयुर्वेदाने हा पित्तप्रकोपाचा काळ मानला आहे, आणि ताप-खोकल्याची एवढी चलती असते की शरद ही वैद्यांची आईच, असा जुना विनोद आहे. त्याच आयुर्वेदात या ऋतूतल्या पाण्याचे मोठे गोड नाव आहे : हंसोदक. दिवसा सूर्याने तापवलेले, रात्री चंद्राने निववलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले पाणी, असे चरकसंहितेत त्याचे वर्णन आहे. अगस्त्याचा तारा पाहायचा असेल तर आश्विनात पहाटे साडेपाचच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. क्षितिजापासून फार उंच न जाणारा, व्याधाच्या खालोखाल तेजस्वी असा तो तारा आपल्याकडून स्वच्छ दिसतो. आमच्या आजोळी मात्र हंसोदकावर कुणाची भिस्त नव्हती. पाणी दुपदरी छन्न्यातून गाळले जाई, उकळले जाई आणि मगच माठात जाई. अगस्त्याने केलेली शुद्धी आजीला पुरेशी वाटत नसे.

आता घरातल्या शरदाविषयी. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम असलेल्या घरात या ऋतूची चाहूल सर्वांत आधी स्वयंपाकघराला लागते. ऑगस्टच्या अखेरीस कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. ऑक्टोबरच्या अखेरीस सहा वाजून जेमतेम तीन-चार मिनिटे झालेली असतात. म्हणजे दोन महिन्यांत संध्याकाळचा तब्बल पाऊण तास कुणीतरी न सांगता उचलून नेतो. दररोज एखाद-दुसरे मिनिट गेलेले कळत नाही, पण एक दिवस भाकरी तव्यावर असतानाच खिडकीबाहेर पाहून घरातली बाई म्हणते, “अगं बाई, दिवस केवढा खाली आला!” त्या दिवसापासून घराचे घड्याळ बदलते. कणीक अर्धा तास आधी भिजते, दुकानातल्या माणसाला निरोप जातो, मुलांना खेळातून लवकर हाक पडते.

बाहेरून पाहणाऱ्याला ही ओढाताण वाटेल, आणि नोकरीधंद्याच्या माणसाला ती आहेच. कारखान्यातून साडेपाचला सुटणारा मुलगा ऑक्टोबरात दिवसाउजेडी घरी पोहोचत नाही. त्याच्या डब्यात चार पोळ्या जास्तीच्या जातात आणि तो कुठेतरी यंत्राशेजारी जेवून घेतो. पण ज्यांना जमते त्यांच्यासाठी या ऋतूत एक लहानसे ऐश्वर्य राखून ठेवलेले आहे. जेवण होते, ताटे घासली जातात, आणि अजून बाहेर उजेडाचा शेवटचा पदर शिल्लक असतो. सगळे घर एकाच वेळी मोकळे होते. ओट्यावर बसावे, कुणी पाढे म्हणावेत, कुणी प्रतिक्रमणाची तयारी करावी, कुणी नुसतेच आभाळाचा रंग बदलताना पाहावा. पुढे लांबच लांब संध्याकाळ असते आणि तिच्यात उरकायचे असे काहीच नसते. असा वेळ शहरात पैसे मोजून विकत घ्यावा लागतो.

कोजागरीचेही तसेच. शेजारी रात्री बारा वाजता मसाला दूध उकळत, त्यात चंद्राचे प्रतिबिंब पाहत. आमच्याकडे दूध चार वाजताच आटवून, वेलदोडा घालून, साडेपाचला पिऊन व्हायचे. मग रात्री सगळे गच्चीवर चांदणे बघायला जात, ते रिकाम्या हातांनी. लहानपणी मला त्याचे वैषम्य वाटे. पुढे वाटेनासे झाले. हातात पेला नसला की माणूस चंद्राकडे जरा जास्त वेळ पाहतो.

माझे सासर शिरोळ तालुक्यातले, कृष्णाकाठचे. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि त्या संगमाच्या परिसरात राहणाऱ्यांना नदीचे वेगळे वर्णन करून सांगावे लागत नाही. पूर नवा नाही. काठावरच्या घरांच्या भिंतींवर जुन्या पुरांच्या रेषा आहेत. पण ऑगस्ट २०१९ मध्ये जे झाले ते कुणाच्याच रेषेत बसणारे नव्हते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या वेळी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. आमच्या घरात माडीच्या तुळईपर्यंत पाणी होते. माणसे आणि जनावरे वेळेत निघाली, हे भाग्य. सासूबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होत्या. त्यांना जयसिंगपुरात आमच्याकडे आणले.

पाणी उतरल्यावर त्या घरी परतल्या तेव्हा भाद्रपद चालू होता आणि काहीच वाळत नव्हते. भिंती ओल्या, जमीन ओली, धान्याच्या कणगीतून आंबूस वास येत होता. फडताळातली शास्त्रांची पुस्तके फुगून विटेएवढी जाड झाली होती. चिखल आम्ही पंधरा दिवस काढत होतो, पण घर काही घरासारखे होईना. मग एके सकाळी, आश्विनाच्या पहिल्या आठवड्यात, ऊन पडले. नुसता उजेड नव्हे, कडक ऊन. सासूबाई काही न बोलता उठल्या आणि घरातली प्रत्येक वस्तू अंगणात मांडू लागल्या. वाकळा, गाद्यांतला सुटा कापूस, पाट, पोळपाट, देव्हाऱ्याची लाकडी चौकट. शेवटी पुस्तके. एकेक पान हाताने सोडवून त्यात त्या काडी ठेवत होत्या, वारा आत जावा म्हणून. श्वेतांबर बांधवांत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ग्रंथभांडारांतल्या पोथ्या स्वच्छ करून पूजण्याची रीत आहे. पावसाळ्याची सर्द गेल्यावरचा तो दिवस किती विचाराने निवडला असेल, हे मला त्या अंगणात उमगले. गल्लीतल्या प्रत्येक दारापुढे तसेच वाळवण होते. महिन्याभरात पहिल्यांदाच बायका एकमेकींशी मोठ्याने बोलत होत्या. समोरच्या आक्का सासूबाईंना म्हणाल्या, “ताराबाईच्या घरातली वाकळ माझ्या दारात वाळतीया, आणि माझी कुणाच्या दारात हाय कुणास ठावं!” आणि दोघी हसल्या. पुरानंतर त्या घरात ऐकलेले ते पहिले हसू.

२०२१ नंतर मुलांनी निक्षून सांगितले की आता गावी राहायचे नाही. त्यांचे चूक नव्हते. मध्यरात्री म्हाताऱ्या माणसाला होडीत बसवणे कुणाला पुन्हा करायचे नव्हते. सासूबाईंनी वाद घातला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “पावसाळ्यात नको, कबूल. पण आश्विनात काय भीती आहे?” या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून असे ठरून गेले आहे. ज्येष्ठात त्या जयसिंगपूरला येतात. क्षमावणी झाली की पिशवी भरतात, आणि हत्तीचा पाऊस सरला की गावी जातात. मी सोबत जाते, कधी आठ दिवस, कधी दिवाळीपर्यंत.

घर विकावे की ठेवावे, हा प्रश्न सुटलेला नाही. दर वर्षी कुणीतरी गिऱ्हाईक घेऊन येते. पुराची रेषा पाहून भाव पाडून मागते, आणि निर्णय पुढच्या वर्षावर जातो. पुढच्या वर्षी सासूबाई असतील की नाही, हा दुसरा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो. त्याविषयी कुणी बोलत नाही. त्या मात्र अगदी निवांत असतात. सकाळी डाळी उन्हात घालतात. दुपारी नदीकडच्या दारात बसतात. पलीकडच्या काठावर काशाचे पांढरे तुरे आलेले असतात आणि पाणी इतके खाली, इतके संथ गेलेले असते की हीच ती नदी, यावर नवख्याचा विश्वास बसू नये. मी एकदा म्हटले, “आई, तुम्हांला हिचा राग येत नाही?” त्या म्हणाल्या, “हिला काय कळतंय? आपणच हिच्या वाटेत घर बांधलं.” आणि सुपातली तूरडाळ पुढे ओढून खडे निवडू लागल्या.

यंदा आम्ही गेलो तेव्हा अंगणातला पारिजात बहरला होता. दोन पूर पोटात घेऊन जगलेले झाड; बुंध्यावर पाण्याची खूण अजून आहे. झाडावरचे फूल तोडायचे नाही, जमिनीवर पडलेले तेवढेच वेचायचे, हा सासूबाईंचा नेम. पारिजातासारख्या झाडाला तो पाळणे सोपे जाते. सकाळी त्या परडी भरून मंदिरात गेल्या. परत आल्या तेव्हा सोबत समोरच्या आक्का होत्या, हातात नव्या तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन. किती दिवस मुक्काम, असे त्यांनी विचारले. सासूबाईंनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिले, वाकळ हाताने चाचपली आणि म्हणाल्या, “निर्वाणलाडू झाल्यावर बघू. अजून ही पुरती वाळली नाही.” मग माझ्याकडे वळून त्यांनी पिठाचा डबा काढायला सांगितला, कारण साडेचार वाजून गेले होते.